दोघांच्या मधला तिसरा कान

तीर्थस्वरूप आत्या,

तुला आठांपैकी सात अंगांनी नमस्कार. आठवी ती कंबर, आणि तिने गेले नऊ दिवस असहकार पुकारलेला आहे. त्याचं कारण पुढे ओघाने येईलच. तुझी तब्येत कशी आहे? आतोबांच्या गुडघ्याचं काय? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की गुडघा बरा आहे पण आतोबा बरे नाहीत. त्याचा अर्थ मी गुडघ्याला आराम आणि आतोबांना राग असा लावला आहे, चुकला असेल तर कळव. तुझ्या कानात अजून शिट्टी वाजते का? एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात हेडफोन लावून बसल्यावर कान एवढं तरी करणारच. कानाचे डॉक्टर काहीही म्हणोत, माझ्या मते त्या सगळ्या अर्धवट राहिलेल्या गोष्टी आहेत. त्यांचा शेवट ऐकायच्या आत तुला नाइलाजाने दुसरा कॉल जोडायला लागला. इकडे सगळे मजेत. बायको मजेत, मुलगी मजेत, आणि त्या दोघींचं माझ्याबद्दलचं मत जसं होतं तसंच आहे.

हे पत्र लांबणार आहे. चष्मा घे, चहा घे, आणि आतोबांना दुसऱ्या खोलीत बसव, कारण ते मध्येमध्ये "मग पुढे?" विचारतात आणि तुझी ओळ हरवते.

मी प्राण्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो हे तुला माहीत आहे. (तू मात्र सगळ्यांना मी जनावरांचा डॉक्टर असल्याचं सांगत असतेस. ते आता थांबव. मागच्या महिन्यात तुझ्या त्या हसऱ्या मैत्रिणीने फोन करून कुत्र्याच्या जुलाबावर उपाय विचारला आणि मी तोंडच्या सवयीने "एकदा बंद करून परत चालू करा" असं सांगून बसलो.) दवाखाना दुमजली आहे. खाली बाकांची खोली, नाव नोंदवायची खिडकी, डॉक्टरांच्या दोन खोल्या आणि ऑपरेशनची खोली. वर लॅब आणि मुक्कामी प्राण्यांचा वॉर्ड. मालक दोघं, सख्खी भावंडं. थोरले डॉक्टर बासष्ट वर्षांचे, प्रेमळ. माणसांशी बोलताना अडखळतात आणि बोक्यांशी अस्खलित बोलतात. धाकट्या डॉक्टरीणबाई म्हणजे त्यांची बहीण. बाई "बस" म्हणाल्या की कुत्रे बसतात. तशी बाकांच्या खोलीतली माणसंही बसतात, आणि एकदा तर टपाल द्यायला आलेला माणूसही बसला होता.

लॅबमध्ये एक बाई आहेत. बावीस वर्षं नोकरी झाली, सदानकदा सूक्ष्मदर्शकात डोळा घातलेला, म्हणून सगळे त्यांना सूक्ष्मबाई म्हणतात. रक्त तपासायचं यंत्र त्यांच्या टेबलावर आहे. त्याच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट तयार होतो, बाई बटण दाबतात, हिरवी खूण येते आणि रिपोर्ट तारेतून खाली धाकट्या बाईंच्या कॉम्प्युटरवर जातो. निदान जायचा. गेले दोन महिने सकाळी अकराच्या सुमाराचे काही रिपोर्ट खाली पोचेनासे झाले. रोज नाही, सगळेही नाहीत. दहा जायचे आणि दोन गायब.

आता एखाद्या पोपटाचा रिपोर्ट हरवला तर पोपट थोडा जास्त वेळ शिव्या देतो, बाकी काही बिघडत नाही. पण एका गुरुवारी आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांची म्हातारी कुत्री ऑपरेशनला आली होती. रिपोर्ट खाली दिसेना. धाकट्या बाईंनी वर निरोप पाठवला, वरून उत्तर आलं की केव्हाच पाठवलाय. खाली परत शोधला तर त्याच कुत्रीचा मागच्या महिन्यातला जुना रिपोर्ट सापडला, सगळं ठीक असलेला, आणि घाईत तोच नवा समजला गेला. कुत्रीला टेबलावर घेतलं, इंजेक्शन भरलं, आणि तेवढ्यात सूक्ष्मबाई कागद हातात घेऊन जिन्यावरून धावत आल्या. आत्या, मी या बाईंना बावीस वर्षांत भरभर चालतानासुद्धा पाहिलेलं नाही. त्यांना नुसतंच वाटलं होतं, की रिपोर्ट बघून खालून कोणी काही विचारलं कसं नाही. त्या कुत्रीच्या रक्तात गोठण्याची ताकदच उरलेली नव्हती. कापलं असतं तर ती तिथेच संपली असती.

कुत्री वाचली. (आता औषधांवर आहे आणि शिंपीकाकांच्या दुकानात कापडांवर झोपते, गिऱ्हाइकं तिला वळसा घालून माप देतात.) पण त्यानंतर धाकट्या बाईंचा पारा जो चढला तो उतरेना. त्यांचं म्हणणं सूक्ष्मबाई बटण दाबायला विसरतात. सूक्ष्मबाईंचं म्हणणं दाबलं, हिरवी खूण आली. लॅबचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याने पाहिलं आणि म्हणाला, आमच्याकडून गेलं. खालचा प्रोग्राम बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याने पाहिलं आणि म्हणाला, आमच्याकडे आलं नाही. त्या दिवसापासून मी पहिल्याला गेलेराव आणि दुसऱ्याला आलेनाराव म्हणतो. दोघं एकमेकांशी इतक्या नम्रतेने बोलायचे की मध्ये उभं राहिलं तर चटका बसावा. आणि दोघांच्याही मते यंत्रं निर्दोष होती, म्हणजे उरली कोण? वयाने साठीला टेकलेली एक बाई.

दुसऱ्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून लॅबमध्ये गेलो तर बाईंच्या टेबलावर शाळेची वही. त्यात प्रत्येक रिपोर्टसमोर वेळ, पुढे "दाबलं", त्याच्यापुढे "परत दाबलं". मी वही बघतोय हे पाहून त्यांनी ती हळूच मिटली. मग सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता विचारलं, "मला खरंच विसरायला होतंय का रे? माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस, मग माणसं."

मी काहीतरी विनोद केला. तो इतका वाईट होता की इथे लिहीत नाही. पण जिना उतरताना ठरवलं, की हे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी नेमकं काय बोलतात ते आपण स्वतःच्या कानांनी ऐकायचं.

आता तू विचारशील, मग त्या दोनपैकी एका कॉम्प्युटरवरच ऐकायचं यंत्र का नाही बसवलं? एक तर गेलेरावांनी धमकी दिली होती की लॅबच्या कॉम्प्युटरवर बाहेरचं काही टाकलंत तर आमची जबाबदारी संपली. आणि दुसरं, हे तुझ्याकडूनच शिकलोय: भांडण चालू असताना दोघांपैकी कोणालाच "काय झालं" विचारायचं नसतं, तिसऱ्याला विचारायचं असतं. म्हणून तिसरा कॉम्प्युटर. माझा जुना लॅपटॉप, ज्याचं एक बिजागर मुलीने तोडलंय आणि जो चिकटपट्टीवर जगतोय. सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी जिन्याखालच्या कपाटात आहे, तिथे झाडू आणि बादल्यांच्या मध्ये एक उलटी बादली घेऊन मी बसलो. (कंबर इथे आली.) थोरल्या डॉक्टरांची रीतसर परवानगी घेतली होती. ते म्हणाले, ऐक बाबा, पण बोक्यांना त्रास देऊ नकोस.

लॅपटॉपची तार पेटीत खोचली, ऐकायचा प्रोग्राम चालू केला, आणि पहिला दिवस वाया गेला. त्या पेटीला स्विच म्हणतात. तिच्यात ओळीने भोकं असतात, प्रत्येक भोकात एकेका कॉम्प्युटरची तार. कोण कुठल्या भोकाला आहे हे स्विच लक्षात ठेवतो आणि ज्याचं बोलणं त्यालाच नेऊन देतो. शेजारच्याला ताकास तूर लागू देत नाही. थोडक्यात, सरकारने तुला जसं वागायला सांगितलं होतं तसं तो खरोखर वागतो. (तू नेमणुकीने स्विच होतीस, पण स्वभावाने... असो.) त्यामुळे मला ऐकू आलं ते फक्त सगळ्यांसाठी केलेलं ओरडणं. प्रिंटर दर थोड्या वेळाने सगळ्या जगाला सांगायचा की मी प्रिंटर आहे. कोणी ना कोणी विचारायचं, चाळीस नंबर कोण? (इथे प्रत्येक यंत्राला आपला एकेक नंबर असतो.) प्रश्न सगळ्यांना ऐकू यायचा, उत्तर ज्याचं त्याला. बंद दाराआड लग्न जमतंय आणि आपल्याला फक्त "साखर कुठे ठेवलीय?" एवढंच ऐकू येतंय, तसं.

मग मला सामानाच्या खोलीत एक हब सापडला. हब म्हणजे स्विचचा मागच्या पिढीतला काका. त्याला कानात सांगणं जमतच नाही. एका भोकातून आलेलं बाकी सगळ्या भोकांत ओरडून मोकळा होतो. मला हवा होता तो हाच माणूस. लॅबची तार स्विचमधून काढून हबला लावली, हबपासून एक तार स्विचला, आणि हबलाच माझा लॅपटॉप. इथपर्यंत बरोबर होतं, आत्या. इथेच उठून घरी गेलो असतो तर आज माझा फोटो दवाखान्यात लागला असता. पण एक तार मोकळी लोंबकळत होती. मला लोंबकळणाऱ्या तारा बघवत नाहीत. तिचं एक टोक कुठून आलंय न बघता मी दुसरं टोक हबच्या रिकाम्या भोकात खोचून टाकलं. तिचं पहिलं टोक त्याच स्विचमध्ये होतं.

मग काय झालं ते सोप्या भाषेत सांगतो. प्रिंटर म्हणाला, मी प्रिंटर आहे. ते एका तारेने हबकडे गेलं, हबने दुसऱ्या तारेने स्विचकडे परत पाठवलं, स्विचने पुन्हा पहिल्या तारेने हबकडे, आणि दोन्ही बाजूंनी ते एकच वाक्य गरागरा फिरत सुटलं. दुसऱ्या कुणाचा शब्द आत शिरेना. चाळीस मिनिटं दवाखान्यातला प्रत्येक कॉम्प्युटर फक्त "मी प्रिंटर आहे" एवढंच ऐकत होता. बाकांच्या खोलीत अकरा कुत्री, चार मांजरं, एक बकरी आणि एक कासव. नावं नोंदवणं बंद, माणसं खिडकीशी, आणि मालकांचं लक्ष उडाल्याचं सर्वात आधी बकरीच्या लक्षात आलं. तिने भिंतीवरचं "प्राण्यांना मोकळं सोडू नये" हे सूचनापत्रक खालच्या दोन ओळींसकट खाल्लं. खिडकीवर बसणारी मुलगी (हिला आपण खिडकीवाली म्हणू) कपाटाचं दार उघडून मला म्हणाली, "दादा, तुम्ही दुरुस्त करताय की बिघडवताय? बाहेर सांगायला बरं पडतं."

धाकट्या बाई आल्या. मी बादलीवर बसलेलोच होतो, तरी त्या "बस" म्हणाल्यासारखं वाटून आणखी खाली बसलो. हब जप्त झाला.

तिसऱ्या प्रयत्नाला मी शहाणपणा केला आणि स्विचचं माहितीपुस्तक वाचलं. (हे बायकोला सांगू नकोस. आमच्या वॉशिंग मशीनचं पुस्तक वाचायला ती सहा वर्षं मागे लागली आहे.) तर त्यात लिहिलं होतं की स्विचला सांगता येतं: अमुक भोकातून जे जाईल-येईल त्याची एकेक प्रत तमुक भोकात टाक. मूळ बोलणं जाग्यावर, कोणाचा वेग कमी होत नाही, कोणाला पत्ता लागत नाही. हे वाचून माझ्या डोळ्यांसमोर तूच उभी राहिलीस. ताबडतोब आकडे भरले, लॅपटॉप लावला, आणि पडद्यावर धो धो बोलणं सुरू झालं.

दोन तास ऐकल्यावर कळलं की भोकं मोजताना मी डावीकडून मोजली आणि स्विच उजवीकडून मोजतो. मी लॅबच्या ऐवजी खिडकीवालीच्या कॉम्प्युटरची तार ऐकत होतो. आणि दवाखान्यातल्या लोकांचे एकमेकांना जे निरोप जातात ते सगळे त्याच कॉम्प्युटरवरून जातात, तेही उघड्या अक्षरांत, पोस्टकार्डासारखे. वाचायचे नव्हते, पण अक्षर ओळखीचं असलं की डोळा थांबत नाही. त्यातून मला एवढं ज्ञान मिळालं की माझं टोपणनाव "बादलीमहाराज" आहे. की माझ्या विनोदांना हसायची खिडकीवाली आणि जखमांना पट्ट्या बांधणारा ड्रेसिंगवाला यांच्यात पाळी लावलेली आहे आणि मंगळवार कोणालाच नको असतो. इथपर्यंत ठीक. पण मग एक निरोप गेला, धाकट्या बाईंकडून थोरल्या डॉक्टरांना: "दादा, सोमवारपासून लॅबला नवीन माणूस. त्यांना मी शनिवारी संध्याकाळी सांगते. पुढच्या वेळी कुत्री वाचणार नाही." आणि थोरल्यांचं उत्तर, बऱ्याच वेळाने: "बरं."

ते "बरं" मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. तू नेहमी म्हणायचीस की ऐकू आलं ते ऐकावं, पण ऐकलंय हे चेहऱ्यावर दिसू देऊ नये. मी सगळं पुसून टाकलं, भोकाचा आकडा दुरुस्त केला आणि कोणाला काही बोललो नाही. त्या दिवशी गुरुवार होता. माझ्या हातात शुक्रवार आणि अर्धा शनिवार.

शुक्रवारी बरोबर भोक, बरोबर तार, साडेदहाला सगळं सज्ज. मी विचार केला, आपण तिथे बसून कशाला उसासे टाकायचे, एक चहा घेऊन येऊ. परत आलो तर अकरा वीस, आणि लॅपटॉप झोपलेला. कोणी हात लावला नाही की पंधरा मिनिटांत झोपायची त्याला सवय आहे, आणि ती बदलायची माझ्या लक्षात राहिली नव्हती. नेमक्या अकराच्या ठोक्याला पहारेकरी घोरत होता. वरून सूक्ष्मबाईंचा आवाज आला, की आजही एक पोचला नाही वाटतं. मी बादलीला लाथ मारली. बादली रिकामी नव्हती.

शनिवारी मी लॅपटॉपची झोप कायमची मोडली आणि ओल्या चपलांनी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. अकरा वाजून सात मिनिटांनी लॅबच्या कॉम्प्युटरने सगळ्यांना विचारलं, चाळीस नंबर कोण? (धाकट्या बाईंच्या कॉम्प्युटरचा नंबर चाळीस.) आणि उत्तर आलं: मी. आणि लगेच पाठोपाठ दुसरं उत्तर आलं: मी.

आत्या, वर्गात हजेरी घेताना एका नावाला दोन पोरांनी "हजर" म्हणावं तसं ते होतं. लॅबच्या कॉम्प्युटरने नंतर बोलला तो खरा मानला आणि रिपोर्ट त्याच्याकडे नेला. त्याने दार लावून घेतलं, इथे रिपोर्ट घेत नाहीत. आणि लॅबच्या प्रोग्रामने, दार लागलं की उघडलं हे न बघता, हिरवी खूण दाखवली. बाईंनी बटण दाबलं होतं. प्रत्येक वेळी दाबलं होतं. नंतर ताडून पाहिलं, तर त्यांच्या वहीतल्या त्या सकाळच्या वेळा आणि माझ्या पडद्यावरच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या.

आनंदाने मी उठलो, वरच्या पायरीला डोकं आपटलं आणि परत बसलो. मग प्रश्न पडला, की हा दुसरा चाळीस कोण. प्रत्येक यंत्राच्या पोटात त्याच्या कारखान्याचा शिक्का असतो, तो या बोलण्यात दिसतो. शिक्का कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीचा होता. दवाखान्यात कॅमेरा फक्त एकच. वरच्या वॉर्डात, दोन महिन्यांपूर्वी बसवलेला. बसवणारा कोण? तुझा भाचा.

झालं होतं असं. वॉर्डात एक एकाक्ष बोका मुक्कामाला आहे, त्याचे मालक त्याला सोडून गेले ते आलेच नाहीत. धाकट्या बाईंचा नियम आहे की बेवारशी प्राण्यात जीव गुंतवायचा नाही. थोरल्या डॉक्टरांचा जीव गुंतला. त्यांनी मला बाजूला घेऊन, बहिणीला कळू न देता, एक छोटा कॅमेरा लावायला सांगितला. रोज अकराला ते वर जाऊन त्याची पिन खोचायचे, खाली येऊन चहा पिता पिता बोका बघायचे, आणि अर्ध्या तासाने पिन काढायचे. कॅमेऱ्याला नंबर मी दिला. कुठला नंबर रिकामा आहे ते माझ्या वहीत बघितलं. चाळीसच्या ओळीवर चहा सांडलेला होता, डागाखाली काही दिसेना, आणि मी समजलो की काही दिसत नाही म्हणजे काही नाही.

आता खरं सांगतो, तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नसतो. अर्धा तास मी त्या कपाटात बसून विचार केला. कॅमेऱ्याचा नंबर बदलायला दीड मिनिट पुरे. बदलला असता तर रिपोर्ट हरवायचे थांबले असते, गेलेराव आणि आलेनाराव दोघंही श्रेय घेऊन गेले असते, आणि मी आजवर होतो तसाच हुशार राहिलो असतो. पण मग संध्याकाळी बाईंना घरी पाठवणार, आणि सोमवारपासून रिपोर्ट नीट पोचणार. म्हणजे सगळ्यांची खात्रीच पटणार की विसरत होत्या त्या बाईच. आणि सर्वात जास्त खात्री कोणाची पटली असती? त्या स्वतःच्या घरी, गॅसचं बटण चार-चारदा बघत बसल्या असत्या.

मी वर गेलो. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सापडलं?"

"सापडलं."

"कोण विसरलं मग?"

"मी," म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, दोन वेळा, कारण पहिल्यांदा त्यांनी ऐकलंच नाही, नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, म्हणजे मी दाबत होते. मी म्हटलं, हो. परत म्हणाल्या, प्रत्येक वेळी? मी म्हटलं, प्रत्येक वेळी, बाई, तुम्ही दोनदा दाबलंत तिथे दोनदा दिसतंय. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसला.

चार वाजता थोरल्या डॉक्टरांच्या खोलीत मी सगळ्यांना बोलावलं. दोघं डॉक्टर, सूक्ष्मबाई, गेलेराव, आलेनाराव. लॅपटॉप टेबलावर, एका हाताने त्याचा पडदा धरून. मी दोन "मी" दाखवले. गेलेराव आनंदाने म्हणाले, बघा, आमच्याकडून गेलं होतं. मी म्हटलं, गेलं, पण दारावर आपटून पडलं, आणि तुमचा प्रोग्राम न बघताच हिरवी खूण दाखवतो. ते खाली बसले. आलेनाराव म्हणाले, बघा, आमच्याकडे आलं नव्हतं. मी म्हटलं, पण एकाच नंबरचे दोन असले की कॉम्प्युटर पडद्यावर इशारा देतो, त्याबद्दल तुमच्या लोकांनी कधी विचारलं नाही. तेव्हा धाकट्या बाईंनी शांतपणे विचारलं, कसला इशारा? मी म्हटलं, मधोमध एक छोटा चौकोन येतो. बाई म्हणाल्या, "तो? तो रोज येतो. मी बंद करते."

आता आलेनारावही खाली बसले.

मग धाकट्या बाईंनी विचारलं, वॉर्डात कॅमेरा कसला? मी आधीच कबूल केलं होतं की नंबर मी दिला, चूक माझी. कॅमेरा कशासाठी हे मात्र मी सांगणार नव्हतो. मला सांगावं लागलंही नाही. थोरले डॉक्टर लाल होत गेले, कानापासून टकलापर्यंत, आणि एकदम म्हणाले, "एकटा असतो गं तो. एक डोळा आहे त्याला फक्त." बासष्ट वर्षांचा माणूस, बहिणीपुढे, हातात बिस्कीट. धाकट्या बाईंनी आधी त्या बिस्किटाकडे बघितलं. भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग खुर्ची सरकवून सूक्ष्मबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता "बस" म्हणतात. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. मी तुमचं ऐकायला हवं होतं." एवढंच. पण आत्या, ते वाक्य त्या तोंडातून बाहेर पडताना एखादं गंजलेलं कुलूप उघडावं तसा आवाज झाला.

सूक्ष्मबाईंनी मान हलवली. त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली, आणि तीही माझ्याकडे. पडद्यावरचं ते पान छापून पाहिजे. मी म्हटलं, बाई, त्यात नुसते आकडे आहेत, तुम्हाला काही समजायचं नाही. त्या म्हणाल्या, मला समजायची गरज नाही, माझ्या मुलाला दाखवायचंय, तो मला परवा डॉक्टरकडे नेणार होता. मी चौदा पानं छापून दिली. त्यांनी ती दुमडून पर्समध्ये ठेवली आणि पाच वाजता नेहमीसारख्या हळूहळू जिना उतरून गेल्या.

नवीन माणसाला नको म्हणून कळवलं गेलं. कॅमेरा राहिला, नंबर बदलून. पिन आता कायम खोचलेली असते, आणि अकराच्या चहाला बोका बघायला दोन खुर्च्या असतात. मला बोलणी बसली, ती यथायोग्य बसली. वही नवीन दिली आहे, कपाटात चहा न्यायला बंदी आहे, आणि बादलीमहाराज हे नाव आता तोंडावर घेतात.

आतोबांना नमस्कार. कानाला जप.

तुझा,
तारांत पाय अडकलेला भाचा

ता. क. – माझ्या कबुलीचं तुला कौतुक वाटत असेल तर ते जरा थांबवून ठेव.

ता. क. २ – तुझ्याकडे मी उन्हाळ्यात दाराचा कॅमेरा बसवून दिला होता, आठवतो ना? आणि त्याच आठवड्यापासून तुझा नवा प्रिंटर छापेनासा झाला. तू तो तीनदा दुकानात परत नेलास, दुकानात तो छापायचा, घरी यायचा आणि थांबायचा. शेवटच्या वेळी तू त्या दुकानदाराला चार गिऱ्हाइकांदेखत लबाड म्हणालीस, आणि मी शेजारी उभा राहून "आत्या, अगदी बरोबर बोललीस" म्हणालो. काल घरी येऊन मी जुनी वही उघडली. तुझ्या घरच्या यंत्रांच्या पानावरही तोच चहा उतरलाय, आणि तुझ्या प्रिंटरचा नंबर डागाखाली आहे. कॅमेऱ्याचा मला तोंडपाठ आहे. चाळीस.

ता. क. ३ – त्या दुकानदाराची माफी माझ्या वतीने तू मागशील का? मी स्वतः मागितली असती, पण लबाड तू म्हणाली होतीस, मी नुसती री ओढली होती. मी रविवारी येऊन नंबर बदलून देतो. तोपर्यंत फोन करू नकोस, पत्राने काय ते लिही. पत्रात तू निदान शिव्या पूर्ण लिहीत नाहीस.